नवे लायनर, नवी केबल, तरी बुलेटचा पुढचा ब्रेक लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९९७ची बुलेट ३५०. पुढे सात इंची ड्रम ब्रेक, दोन कॅमवाला. गाडी रोज मुलुंडहून फोर्टला जाते. पुढचा लिव्हर दाबला की तो ग्रिपला टेकतो आणि गाडी आपल्याच तालात पुढे जात राहते. लायनर (ड्रमला आतून दाबणारे ब्रेक शू) बदलले, केबल बदलली, फरक काही नाही. मेकॅनिक म्हणतो, "जुन्या बुलेटला ब्रेक असाच असतो, मागचा वापरा." आणि शेवटी विचारलंय, डिस्क बसवून घेऊ का?

मेकॅनिकचं ते वाक्य मी बऱ्याच गॅरेजांत ऐकलंय आणि ते मला कधीच पटलेलं नाही. या ड्रमला आजच्या डिस्कसारखा दोन बोटांत ब्रेक येणार नाही, हे खरं. पण चार बोटांनी नीट आवळला तर कोरड्या रस्त्यावर पुढचा टायर कुरकुरेपर्यंत तो लागायला हवा. त्यापेक्षा कमी लागत असेल तर काहीतरी चुकलंय, आणि ते सापडतं.

मागच्या ब्रेकवर भागवण्याबद्दल एवढंच सांगतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि जरा जास्त दाबलं की घसरतं. ताशी ४० किलोमीटरला दोन्ही ब्रेक ठीक असतील तर ब्रेक धरल्यापासून साधारण नऊ मीटरमध्ये गाडी उभी राहते. नुसत्या मागच्या ब्रेकवर वीस-एकवीस मीटर लागतात. मधला फरक बेस्टच्या एका लांब बसएवढा आहे, आणि एलबीएस रोडवर तुमच्या पुढे तेवढी जागा कोणी मोकळी सोडत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या गाडीत दोन पार्ट नवे पडले, पण ते जुळवून बसवले कोणी नाहीत. ड्रम ब्रेकमध्ये पार्ट आणणं हे सोपं काम. तो ड्रमला सगळीकडे आणि एकाच वेळी टेकेल असा जुळवणं हे खरं काम, आणि तिथे दीड-दोन तास जातात. ते दोन तास कोणी द्यायला तयार नसतो, म्हणून "असाच असतो" हे उत्तर मिळतं.

दोन कॅमचा ड्रम चालतो कसा हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आरएक्स १०० किंवा स्प्लेंडरच्या ड्रममध्ये कॅम एक आणि लायनर दोन. कॅम फिरला की दोन्ही लायनर फाकतात, पण त्यातल्या एकालाच फिरता ड्रम आपल्याकडे ओढून आणखी आवळून घेतो. दुसऱ्याला तोच ड्रम उलट मागे ढकलत असतो, त्यामुळे तो निम्म्याहून कमी काम करतो. तुमच्या बुलेटमध्ये प्रत्येक लायनरला स्वतःचा कॅम आहे आणि दोन्ही लायनर असे ठेवलेत की ड्रमने दोघांनाही ओढून घ्यावं. त्याच मापाच्या ड्रममधून जास्त ब्रेक मिळतो तो यामुळे. याची एक किंमत आहे. चाक उलटं फिरलं की दोन्ही लायनर एकदम ढिले पडतात. पेडर रोडच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी मागे सरकायला लागली तर हा ब्रेक फारसं धरणार नाही. तो बिघाड नव्हे, बनावटच तशी आहे. तिथे मागचा ब्रेक दाबून उभं राहायचं.

पण हा फायदा मिळायला दोन्ही लायनर एकाच क्षणी ड्रमला टेकले पाहिजेत. ते काम बाहेरून दिसणाऱ्या एका आडव्या रॉडचं आहे. केबल एका कॅमचा लिव्हर ओढते, आणि हा रॉड दुसऱ्या कॅमच्या लिव्हरला सोबत घेऊन जातो. रॉड जरा लांब-आखूड झाला की एक लायनर आधी टेकतो आणि अडतो. दुसरा ड्रमपासून केसभर लांबच राहतो, कारण त्याला पुढे यायला वाटच उरत नाही. मग तुम्ही कितीही आवळा, ब्रेक एका लायनरचाच. नवे लायनर टाकल्यावर हा रॉड पुन्हा जुळवावा लागतो, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या गाडीत त्याला पानाही लागलेला नाही. लॉकनटवर जुना गंज जसाच्या तसा दिसत असेल तर खात्रीच समजा.

ड्रम उघडण्याआधी हाताला काय जाणवतं ते नीट लक्षात घ्या, त्यावरून अर्धं निदान होतं. लिव्हर लांबवर जातो आणि दाबताना मऊ लागतो, असं असेल तर केबल, रॉड किंवा लायनरची टेकण या तिघांपैकी काहीतरी. लिव्हर लाकडासारखा कडक, पण गाडी थांबत नाही, तर लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा त्यांनी तेल प्यायलंय. लिव्हर बोटांखाली धडधडतो, तर ड्रम गोल राहिलेला नाही. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं.

केबल नवी आहे म्हणून तिला मोकळं सोडू नका. एकाला लिव्हर जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही आउटरकडे, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीकडे, पाहा. हेडलाइटच्या मागच्या वळणावर आउटर सरळ व्हायला बघते, किंवा टोकाच्या टोपीत आत दबते? मग तुमचा अर्धा जोर तिथेच जिरतोय. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलच्या आउटरची आतली गुंडाळी इतकी नाजूक असते की ती दाबाखाली स्प्रिंगसारखी आखडते. ऑपेरा हाउसला स्पेअरच्या दुकानात दोन प्रकारच्या केबल मागा आणि दोन्हींचं आउटर हातात वाकवून बघा, फरक बोटांनाच कळेल. वळण जितकं मोठं आणि सैल तितकं चांगलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून केबल कुठे ताणत नाही ना तेही पाहा. लिव्हरमध्ये अडकणारं केबलच्या टोकाचं शिशाचं बोंडूक सहज फिरलं पाहिजे. ते अडकलं तर तार रोज त्याच जागी वाकते आणि एक-एक धागा तुटत जातो.

लिव्हरकडेही एकदा बघा. पिव्हटचा बोल्ट आणि भोक झिजलं असेल तर लिव्हर आधी वर-खाली डुलतो आणि मग केबल ओढतो, म्हणजे प्रवासाचा पहिला भाग फुकट. शिवाय दिसायला छान म्हणून दुसऱ्याच गाडीचा लिव्हर बसवलेला असतो, त्यात बोल्टपासून बोंडकापर्यंतचं अंतर वेगळं असतं. ते अंतर वाढलं की केबल जास्त ओढली जाते पण जोर कमी मिळतो. कमी झालं की जोर वाढतो पण लिव्हर ग्रिपला टेकतो. तुमचा मूळचाच असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता ड्रम. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक हवेत. चाक काढून लायनर बसवलेली ब्रेक प्लेट बाहेर घेतली की आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा एअरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. तोंडाला मास्क, आणि ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये पोरं एअरगनने ड्रम साफ करतात तेव्हा मी बाजूला होतो आणि त्यांनाही ओरडतो.

नव्या लायनरवर ड्रमने कुठे घासलंय ते पाहा. पूर्ण लांबीवर चमक दिसली तर उत्तम. तसं दिसणार नाही, असं मी पैज लावून सांगतो. लायनर एका गोलाईचे बनवलेले असतात आणि तुमचा ड्रम इतक्या वर्षांत झिजून थोडा मोठा झालाय, त्यामुळे बहुधा मधला दोन बोटांएवढाच भाग टेकतो. जिथे टेकत नाही तिथे दाबल्यावर लायनर वाकतो, आणि तोच मऊपणा तुमच्या बोटांपर्यंत येतो.

याचं औषध म्हणजे खडू. लायनरवर शाळेतला पांढरा खडू आडवा-उभा चोळा, प्लेट बसवा, चाक फिरवून हलकेच दोन-तीनदा ब्रेक धरा, परत उघडा. जिथला खडू पुसला गेला तो उंच भाग. तो ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर लाकडाच्या पट्टीवर गुंडाळून, थोडाथोडा उतरवा. पुन्हा खडू, पुन्हा बघा. कंटाळवाणं काम आहे. पण दोन्ही लायनरच्या साधारण तीन-चतुर्थांश भागावरचा खडू पुसला जाईपर्यंत थांबू नका. ज्यांना घाई आहे ते लायनर प्लेटवर बसवूनच लेथवर ड्रमच्या मापाला कट मारून घेतात. काम पक्कं होतं, पण कॅमखाली पातळ पत्रा घालून लायनर किंचित फाकवून मग कापायचे असतात. हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे देऊ नका. लायनरच्या ज्या टोकाकडून ड्रम आत येतो तिथली कड तीन-चार मिलिमीटर तिरपी घासून टाका, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही आणि झटका देत नाही.

ड्रमच्या आत बोट फिरवा. बिडाचा पट्टा चकचकीत आरशासारखा असेल तर १२०च्या पेपरने आडव्या दिशेने घासून तो मंद करा. नखाला अडतील अशा खाचा असतील किंवा लिव्हर धडधडत असेल तर ड्रम लेथवर जाणार. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. ड्रम कापायचा तो चाक तारांसकट बांधलेलं असताना आणि तारा नीट ताणलेल्या असताना. आधी ड्रम कापला आणि नंतर रिंग बदलून तारा आवळल्या, तर तारा ड्रमला आपापल्या बाजूंना ओढतात आणि तो परत अंडाकार होतो. १९ इंची रिंग फिरेल एवढं मोठं लेथ प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतं. टायर काढून नेलं की काम होतं का ते आधी विचारा. कमीत कमी मटेरियल काढायला सांगा आणि ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असेल तर तो ओलांडू देऊ नका. ड्रम कापला की लायनर जाड लागतात. जुन्या शूवर नवं, थोडं जाड लायनिंग चिकटवून देणारे कारागीर मुंबईत अजून आहेत, आणि डब्यातल्या कमी दर्जाच्या लायनरपेक्षा मला ते काम जास्त पसंत आहे.

लायनरवर तेलाचा काळा ओलसर डाग दिसला तर तो लायनर गेला. पेट्रोलने धुऊन, जाळून, उन्हात ठेवून तो वरून कोरडा दिसतो, गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. तेल येतं कुठून, हेही शोधा. हबच्या बेअरिंगमध्ये कोंबून भरलेलं ग्रीस, गळका फोर्क ऑइलसील, किंवा कॅमच्या बुशला दिलेलं भरमसाट ग्रीस. कॅमला ग्रीस हवंच, पण नखभर आणि उष्णता सोसणारं. चौथं कारण आपल्याकडचं खास. सर्व्हिसिंगला गाडी दिली की धुणारा पोऱ्या आधी सगळीकडे डिझेल किंवा रॉकेल मारतो आणि मग प्रेशरचं पाणी. ते डिझेल कॅमच्या भोकातून सरळ ड्रममध्ये जातं. गाडी धुवायला देताना पुढच्या ड्रमवर डिझेल मारायचं नाही, हे तोंडाने सांगा आणि समोर उभे राहा.

कॅम हातांनी फिरवून बघा. सुकून जाम झालेला कॅम ब्रेक सोडल्यावर परत येत नाही. मग लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, आणि गरम ड्रम फाकून लायनरपासून दूर जातो. सकाळी मुलुंडला बरा असलेला ब्रेक सायनपर्यंत गायब होत असेल तर आधी इथे बघा.

सगळं परत बसवलं की मग रॉडची जुळवणी. रॉडच्या एका टोकाची पिन काढा म्हणजे दोन्ही कॅम स्वतंत्र होतील. पहिल्या कॅमचा लिव्हर हाताने फिरवा, चाक हळू फिरवत राहा, लायनर घासल्याचा पहिला आवाज आला की तिथेच धरा. मदतीला कोणीतरी लागतंच. आता दुसऱ्या कॅमचा लिव्हर तसाच फिरवून त्याचा पहिला आवाज पकडा. दोन्ही तसेच धरलेले असताना रॉडचं टोक फिरवून त्याची लांबी अशी करा की पिन जोर न लावता आपोआप भोकात जाईल. लॉकनट आवळा, पिनला नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून परत वाकवलेली चालणार नाही.

लगेच पुढचं काम. ब्रेक प्लेट एक्सलवर ज्या मोठ्या नटाने आवळलेली असते तो थोडा सैल करा, चाक जोरात फिरवून ब्रेक धरा, तसाच धरून ठेवून नट आवळा. प्लेट ड्रमच्या मध्यावर आपोआप बसते. दोन मिनिटांचं हे काम केल्यावर लिव्हरचा प्रवास किती कमी होतो, ते पाहून लोक चकित होतात. त्याच वेळी प्लेटची खाच फोर्कवरच्या अडकावात नीट बसली आहे ना ते डोळ्यांनी पाहा. ती खाच सुटलेली असेल तर पहिल्या ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरेल आणि चाक जाम होईल. या गाडीवर याहून जिवावर बेतणारी चूक दुसरी नाही.

मग केबलचा ॲडजस्टर. चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि हँडलवरच्या लिव्हरच्या टोकाशी दोन-तीन सेंटीमीटर मोकळी हालचाल पुरे. पूर्ण दाबल्यावर केबल आणि कॅमचा लिव्हर यांच्यामध्ये जवळजवळ काटकोन यायला हवा. त्याच्या फार पुढे जात असेल तर लायनर संपलेत किंवा ड्रम फार मोठा झालाय. आरएक्स १०० आणि हिरो होंडा गाड्यांत कॅमचा लिव्हर दातेरी असतो. तिथे एक दात मागे सरकवून ब्रेक "टाइट" करून देतात. झिजलेले लायनर लपवायचा तो मार्ग आहे, दुरुस्ती नव्हे.

नवे लायनर पहिल्या दिवशी पूर्ण ब्रेक देणार नाहीत. रविवारी सकाळी लवकर, बीकेसीत किंवा तुमच्याकडच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, ४०वरून १०पर्यंत मध्यम दाबाने आणा, थोडं चालवून ड्रम थंड होऊ द्या, पुन्हा करा. ब्रेक धरून गाडी खेचत नेऊ नका, त्याने लायनर परत काचेसारखे होतात. पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिले काही ब्रेक नुसते घसरतात. पाण्यातून बाहेर आल्यावर, मागे कोणी चिकटून नाही ना ते पाहून, लिव्हर हलका दाबून थोडं अंतर चालवा, ड्रम सुकतो. उलट रात्रभर ओल्यात उभ्या गाडीचा ड्रम सकाळी गंजाच्या पातळ थराने पहिल्या ब्रेकला झटका देतो. पेव्हर ब्लॉकवर तो पहिला झटका नको, सोसायटीच्या आतच एकदा ब्रेक धरून घ्या.

टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो टायर दहा-बारा वर्षांचा निघाला तर आधी तो बदला. रबर दगड झालेल्या टायरवर चांगला ब्रेक फक्त लवकर घसरवतो.

आता डिस्क. माझं मत, लावू नका. हब, फोर्कचा पाय, कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग), मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग), सगळंच बदलावं लागतं. कोपऱ्यावर वेल्डिंग करून कॅलिपर टांगणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाही. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच झालीत, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाला ती आरटीओसमोर उभी राहणार, आणि तिथे हा प्रश्न निघू शकतो. डिस्कला देखभाल लागत नाही, हाही गैरसमज आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा प्यायल्यावर ती मर्यादा १५५पर्यंत येते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झालेल्या कितीतरी गाड्या येतात, आणि त्यांच्या मालकांची तक्रारही हीच असते, की लिव्हर दाबला तरी गाडी थांबत नाही.

तेव्हा आधी रॉड, मग प्लेट मध्यावर, मग केबलची आउटर. या तीन गोष्टींना लायनर उतरवायची गरज नाही आणि एका सकाळीत होतात. त्याने निम्मा फरक पडला की बाकीच्यासाठी ड्रम उघडा. दीडशेएक किलोमीटर झाल्यावर रॉड पुन्हा एकदा जुळवा, कारण लायनर बसताना दोन्ही सारखे झिजत नाहीत.